पावसाळ्यातील गट-राइड कशी न्यावी: पुणे–मुळशी रस्त्याच्या अनुभवावरून

मोसमी पाऊस साधारणपणे १० जूनच्या सुमारास पुण्यात पोहोचतो आणि त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी शहराच्या पश्चिम कडेच्या चांदणी चौकातून भूगावकडे निघणाऱ्या सायकलींची संख्या वाढलेली दिसते. ते स्वाभाविकही आहे. मे महिन्यात पहाटे निघूनही नऊच्या आत भाजून काढणारा हाच रस्ता जुलैमध्ये थंड असतो, भुकूमच्या पुढचे डोंगर हिरवे झालेले असतात आणि मुळशी धरणापर्यंतचे सुमारे ४० किलोमीटर अंतर उन्हाचा त्रास न होता कापता येते. मात्र वर्षातले आठ महिने कोरड्या रस्त्यावर अंगवळणी पडलेल्या गटाच्या सवयी या चार महिन्यांत तशाच चालू ठेवल्या, तर त्याच सवयी माणसे पाडतात. कोरड्या रस्त्यावर गटात चालवण्याचा मुख्य लाभ म्हणजे पुढच्या सायकलीमागे मिळणारा वाऱ्याचा आडोसा. पावसात हा आडोसा सोडून द्यावा लागतो आणि गटाचा उपयोग वेगळ्या कामासाठी करावा लागतो; ते काम म्हणजे पुढच्याला दिसलेला धोका मागच्या शेवटच्या सायकलस्वारापर्यंत वेळेत पोहोचवणे. पुढे जे सांगितले आहे ते बहुतेक याच एका गोष्टीतून निघते.

निघायचे की नाही

हा निर्णय शनिवारी रात्री एकदा आणि रविवारी पहाटे पुन्हा एकदा घ्यावा, आणि तो एकाच व्यक्तीने, म्हणजे त्या दिवशीच्या राइड लीडरने घ्यावा. व्हॉट्सॲप गटात मते मागवली की उत्साही मंडळींचाच आवाज मोठा होतो आणि ज्यांना मनातून भीती वाटते ते गप्प राहतात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

भारतीय हवामान विभाग जिल्हावार इशारे पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत देतो, आणि पुणे जिल्ह्याबाबत घाट विभागासाठी वेगळा इशारा दिला जातो. सायकलस्वाराच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे, कारण शहरात, कोथरूडमध्ये, नुसती भुरभुर असताना मुळशीच्या पुढच्या ताम्हिणी घाटात रस्त्यावरून लोंढे वाहत असू शकतात. हवामान विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अति जोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार पाऊस. आमचा नियम असा आहे की लाल इशारा असेल तर राइड रद्द होते आणि त्यावर चर्चा होत नाही. घाट विभागाला नारिंगी इशारा असेल तर पश्चिमेकडे जायचे नाही. पिवळा असेल तर जायचे, पण परतण्याच्या जागा आधी ठरवून. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात धरणे, धबधबे आणि काही घाटांच्या परिसरात बंदी आदेशही काढते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्यानंतर अशा आदेशांची अंमलबजावणी अधिक काटेकोर झाली. ते आदेश वाचून मगच मार्ग ठरवावा.

विजांचा विचार वेगळा करावा लागतो. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत विजा त्या मानाने कमी असतात. त्यांचा खरा धोका मे-जूनच्या वळिवात आणि परतीच्या पावसात, ऑक्टोबरच्या दुपारी असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते, ते लीडरच्या फोनवर असावे. वीज चमकल्यापासून तिचा गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला, तर पक्क्या बांधकामाखाली थांबावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे जाईपर्यंत निघू नये. झाडाखाली गटाने उभे राहणे हा आडोसा नव्हे.

मार्ग आणि परतण्याच्या जागा

नव्या सदस्यांची पावसातली पहिली राइड पूर्वेकडे न्यावी. सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेला जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो, त्यामुळे सासवड किंवा थेऊरच्या बाजूला ओल्या रस्त्याचा सराव होतो, पण धो-धो पाऊस आणि धुके यांच्याशी गाठ पडण्याची शक्यता कमी असते. फक्त आषाढी वारीच्या दिवसांत दिवे घाटाकडे फिरकू नये. माउलींची पालखी त्याच घाटाने सासवडला जाते, रस्ता वाहनांसाठी बंद असतो आणि तो त्या दिवशी वारकऱ्यांचा असतो.

अनुभवी गटासाठी भूगाव, पिरंगुट, पौड, मुळशी हा मार्ग चांगला आहे, कारण त्यावर परतण्याच्या जागा नैसर्गिकरीत्या मिळतात. पिरंगुटचा छोटा घाट चढण्याआधीची पहिली, घोटावडे फाट्याची दुसरी आणि पौड गावातली तिसरी. या प्रत्येक ठिकाणी गटाने पूर्ण थांबावे, माणसे मोजावीत, आणि लीडरने प्रत्येकाकडे पाहून विचारावे. ‘सगळे ठीक ना?’ असा सामुदायिक प्रश्न विचारला की सामुदायिक होकार येतो. ‘ब्रेक धरतायत का? हात बधिर झालेत का?’ असा नेमका प्रश्न एकेकाला विचारला की खरे उत्तर मिळते. एकालाही परतायचे असेल तर त्याला एकट्याने पाठवू नये. त्याच्यासोबत जाणारी व्यक्ती निघण्याआधीच ठरलेली असावी, म्हणजे त्या क्षणी कोणाला त्याग केल्यासारखे वाटत नाही आणि परतणाऱ्याला अपराधी वाटत नाही.

मोजणीबाबत माझ्या हातून घडलेली एक चूक येथे सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी मी लीडर असताना पिरंगुटच्या उतारानंतर पाऊस वाढला म्हणून थांबा न घेता गट सरळ पौडपर्यंत नेला. तेथे मोजले तेव्हा एक मुलगी कमी होती. तिचे मागचे चाक पंक्चर झाले होते, तिने हाका मारल्या होत्या, पण पावसाच्या आवाजात त्या कोणालाही ऐकू आल्या नाहीत. आम्ही परत पोहोचलो तेव्हा ती एका बंद दुकानाच्या पागोळ्यांखाली चाळीस मिनिटे कुडकुडत उभी होती. त्या दिवशी सर्वांत मागे कोणी चालवायचे हे मी ठरवलेच नव्हते. तेव्हापासून शेवटचा माणूस ठरल्याशिवाय मी गट हलवत नाही.

सायकलची तयारी

पावसाळी राइडमध्ये सायकलीचे जे भाग नीट असायला हवेत त्यांत ब्रेकचा क्रमांक पहिला आहे, आणि गटाच्या दृष्टीने त्यात एक गोष्ट दडलेली आहे जिच्याकडे फार थोडे क्लब लक्ष देतात. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडीला (रिमला) दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेक, ओले असताना दाबले की पहिले एक-दोन फेरे केवळ रिमवरचे पाणी पुसण्यात जातात आणि त्यानंतर ब्रेक धरू लागतो. सायकल ताशी २५ किलोमीटर वेगाने चालली असेल तर ती सेकंदाला सुमारे सात मीटर जाते, आणि चाकाचा एक फेरा साधारण दोन मीटरचा असतो. म्हणजे ब्रेक दाबल्यावरही चार मीटरपर्यंत अंतर जवळजवळ वेग न घटता निघून जाते. डिस्क ब्रेकवर, म्हणजे चाकाच्या मध्याजवळच्या चकतीला धरणाऱ्या ब्रेकवर, पाण्याचा परिणाम याहून बराच कमी होतो. त्यामुळे पुढे डिस्कवाला आणि त्याच्या मागे चिकटून रिमवाला अशी रांग लागली, तर पुढचा थांबतो आणि मागचा त्याच्यावर जातो. यात दोघांपैकी कोणाचीही चूक नसते, चूक रांग लावणाऱ्याची असते. म्हणून निघताना कोणाचे ब्रेक कोणत्या प्रकारचे आहेत हे पाहावे आणि रिम ब्रेकवाल्यांना शक्यतो पुढच्या भागात ठेवावे. ते मागे असतीलच तर त्यांनी इतरांच्या दीडपट अंतर राखावे. गटाचा वेग ठरवायचा तो सर्वांत कमकुवत ब्रेक पाहून. सर्वांत दमदार पायांचा विचार त्यात नको.

ब्रेक पॅड किती उरले आहेत हे आदल्या दिवशी पाहावे. रस्त्यावरची बारीक वाळू पाण्याबरोबर पॅडवर चिकटते आणि सँडपेपरसारखी घासत राहते, त्यामुळे कोरड्या दिवसांत काही महिने टिकणारे पॅड एका लांब पावसाळी राइडमध्ये संपू शकतात. डिस्क ब्रेकसाठी पावसाळ्यापुरते धातुमिश्रित पॅड बसवून घेणे चांगले. ते थोडा आवाज करतात, पण मऊ रेझिन पॅडपेक्षा चिखलात जास्त टिकतात. रिम ब्रेकच्या पॅडमध्ये रुतलेले चकाकणारे कण टोकदार वस्तूने काढून टाकावेत. कार्बन रिमवर रिम ब्रेक असलेली सायकल ओल्या घाटात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टायरविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. सायकलचा टायर अरुंद आणि जास्त दाबाचा असल्यामुळे मोटारीसारखा तो नेहमीच्या वेगात पाण्यावर तरंगत नाही, म्हणून डांबरी रस्त्यावर खोल नक्षीचा टायर जास्त पकड देतो असे होत नाही. पकड रबराच्या प्रतीवर आणि हवेच्या दाबावर अवलंबून असते. नेहमीपेक्षा पाच ते दहा पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा कमी ठेवावी, मात्र टायरच्या कडेवर छापलेल्या किमान दाबाखाली जाऊ नये. २३ मिलिमीटरच्या टायरपेक्षा २८ किंवा ३२ मिलिमीटरचा टायर पावसात कितीतरी निर्धास्त चालतो; सायकलच्या चौकटीत तो बसत असेल तर जूनमध्येच बदलून घ्यावा. कडक झालेला, बारीक भेगा पडलेला जुना टायर कोरड्या रस्त्यावर वर्षभर चालून जातो आणि पहिल्या ओल्या वळणावर दगा देतो.

मडगार्डकडे आम्ही आता सौजन्याचा भाग म्हणून पाहतो. मागच्या चाकावरून उडणारे पाणी मागच्या सायकलस्वाराच्या थेट डोळ्यांत आणि तोंडात जाते, आणि त्या पाण्यात शेण, डिझेल आणि गटाराचे पाणी असते. सीटखाली खोचायची लहान पट्टी स्वतःची पाठ वाचवते, मागच्याला तिचा काहीच उपयोग होत नाही. मागच्याचा विचार करायचा असेल तर मडगार्ड चाकाच्या मागच्या बाजूने खाली उतरलेले हवे आणि त्याला खाली रबराची किंवा जाड प्लास्टिकची झडप हवी. जुन्या फाइलचे कव्हर कापून केबल टायने बांधले तरी काम भागते. ज्याला मडगार्ड नाही त्याने रांगेत शेवटून दुसऱ्या जागी, बाजूला सरकून चालवावे.

दिवे भर सकाळीही लावावेत. मागचा लाल दिवा लुकलुकता असेल तर तो गटातल्या मागच्या माणसाच्या डोळ्यांना तासभर त्रास देतो, म्हणून मधल्या सर्वांनी तो स्थिर आणि मंद ठेवावा. लुकलुकता, प्रखर दिवा फक्त शेवटच्या सायकलस्वाराने लावावा. चेनला पावसाळ्याचे घट्ट तेल लावावे आणि वरून पुसून घ्यावे, कारण कोरड्या हवामानाचे तेल पहिल्या अर्ध्या तासात धुऊन जाते.

अंगावर आणि पिशवीत

आपल्याकडच्या पावसात चढावर पूर्ण बंद रेनकोट घातला की माणूस आतून घामाने तितकाच भिजतो. भिजायचे हे मान्य करून गार पडणार नाही याची काळजी घेणे अधिक शहाणपणाचे. सुती बनियन टाळावी, लवकर वाळणारा कृत्रिम धाग्याचा कपडा घालावा आणि पातळ, भडक रंगाचे जॅकेट मागच्या खिशात ठेवून ते उतार सुरू होण्याआधी चढवावे. हेल्मेटखाली पुढे झडप असलेली पातळ टोपी घातली तर थेंब थेट डोळ्यांवर येत नाहीत; काळा चष्मा घरी ठेवावा आणि पारदर्शक वापरावा.

पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर झाकण हवेच. जनावरांच्या आणि उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि रस्त्यावरचे सगळे शिंतोडे त्या बाटलीवरच बसतात. पावसात तहान लागल्याचे जाणवत नाही, तरी घाम जातोच. म्हणून प्रत्येक थांब्यावर पाणी प्यावे आणि चिक्की किंवा गूळ-शेंगदाणे खावेत.

ओल्या बोटांनी फोनचा पडदा चालत नाही आणि मुळशीच्या पुढे अनेक ठिकाणी फोनला रेंजही मिळत नाही. म्हणून नाव, रक्तगट, घरचा क्रमांक, तसेच ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक लिहिलेले प्लास्टिकबंद कार्ड प्रत्येकाच्या खिशात असावे. ट्यूब एकऐवजी दोन घ्याव्यात, कारण ओल्या ट्यूबवर पॅच चिकटत नाही.

रांग, अंतर आणि हाका

एका गटात सहा ते आठ जणच असावेत. वीस जण आले तर तीन गट करावेत, प्रत्येकाला स्वतःचा लीडर आणि शेवटचा माणूस द्यावा आणि दोन गटांमध्ये किमान अर्धा किलोमीटर अंतर ठेवावे. लांबच लांब रांग एसटीला किंवा ट्रकला एका दमात ओलांडता येत नाही, मग तो मध्येच रांगेत शिरतो, आणि पिरंगुटच्या औद्योगिक भागात हे रोज घडते.

सपाट रस्त्यावर दोन सायकलींमध्ये किमान तीन सायकलींची जागा मोकळी ठेवावी. हे अंतर ऐकायला सोपे आणि पाळायला फार कठीण आहे, कारण कोरड्या दिवसांत चाकाला चाक लावण्याची सवय झालेली असते आणि दमलेला माणूस नकळत पुढे सरकतो. त्यावर आम्हाला सापडलेला उपाय असा की मागच्याने पुढच्याच्या थेट मागे न राहता हातभर बाजूला चालवावे. त्यामुळे पुढचा रस्ता दिसतो, चिखलाचा फवारा चुकतो आणि पुढचा अचानक थांबला तर निसटायला वाट राहते. मात्र पुढच्याचे मागचे चाक आणि आपले पुढचे चाक एकमेकांच्या बाजूला येऊ देऊ नये. पुढचा खड्डा चुकवायला वळला की चाके घासतात आणि पडतो तो नेहमी मागचा.

सर्वांत पुढे सर्वांत वेगवान माणूस कधीही ठेवू नये. पुढे असा माणूस हवा जो रस्ता वाचतो आणि बोलतो. पावसात रस्त्यावर डोळा रोखून ठेवण्याने मन पायांपेक्षा लवकर थकते, म्हणून दर पंधरा मिनिटांनी पुढचा माणूस बदलावा. बदलताना आरशात किंवा मान वळवून मागे पाहावे, हाक द्यावी आणि मगच बाजूला व्हावे. शेवटच्या जागी, ज्याला आपण स्वीप म्हणतो, तेथे पंक्चर काढता येणारा, शांत डोक्याचा आणि चांगल्या ब्रेकचा माणूस असावा.

हाताच्या खुणा पावसात मागे पडतात, कारण दोन्ही हात ब्रेकवर असणे अधिक आवश्यक असते. म्हणून तोंडी हाका ठरवाव्यात आणि त्या लहान असाव्यात: ‘खड्डा डावीकडे’, ‘पाणी’, ‘चिखल’, ‘पट्टा’, ‘मागून गाडी’, ‘सावकाश’, ‘थांबतोय’. प्रत्येक हाक प्रत्येकाने मागे पोहोचवायची. पुढून निघालेली हाक तिसऱ्या माणसापाशी अडकली तर चौथ्यासाठी ती दिलीच नव्हती असे समजावे. लाजून हळू आवाजात बोलणाऱ्या नव्या सदस्यांना निघण्याआधी जागेवर उभे राहून दोनदा मोठ्याने हाका द्यायला लावाव्यात. ते ओशाळतात, पण रस्त्यावर त्यांचा आवाज फुटतो. ‘थांबतोय’ म्हणण्याआधी ‘सावकाश’ गेलेच पाहिजे आणि दोहोंमध्ये निदान तीन-चार सेकंद असावेत, हाही नियमच धरावा.

ओला रस्ता वाचणे

खंडानंतरच्या पहिल्या सरीची पहिली वीस-पंचवीस मिनिटे सर्वांत वाईट. डांबरावर साचलेले तेल, डिझेल आणि धूळ पाण्यावर येऊन पातळ लगदा होतो. तासभर झोडपून पाऊस पडला की तो बराचसा धुऊन जातो आणि रस्ता पुन्हा पकड देऊ लागतो. म्हणून भुरभुर सुरू झाली की वेग वाढवून ‘पाऊस यायच्या आत गाठू’ असे म्हणू नये. वेग कमी करण्याची वेळ तीच असते. पेट्रोल पंपांचे तोंड, सिग्नलची जागा आणि चौकाची वळणे येथे हा लगदा जास्त असतो, आणि इंद्रधनुषी तवंग दिसला तर त्यावर ना ब्रेक लावावा ना वळावे.

रंगवलेले पट्टे, म्हणजे झेब्रा क्रॉसिंग, कडेची पांढरी रेघ, गतिरोधकावरचे पट्टे, हे ओले झाले की गुळगुळीत फरशीसारखे होतात. पांढऱ्या रेघेवर चाक ठेवून चालवण्याची अनेकांची सवय पावसात मोडावी लागते. गटाराची लोखंडी झाकणे, पुलांचे लोखंडी सांधे आणि रेल्वेचे रूळ सायकल सरळ उभी ठेवून, शक्यतो काटकोनात, पेडल न मारता ओलांडावेत.

आणि मग चिखल. जुलैमध्ये मुळशी आणि मावळात भाताच्या लावणीचे दिवस असतात. चिखलणी करून बाहेर पडणारे ट्रॅक्टर शेताच्या वाटेपासून पुढे शंभर-दीडशे मीटर डांबरावर चिकणमातीचे पट्टे सोडत जातात. ती माती दिसायला पातळ असते आणि चाकाखाली लोण्यासारखी सरकते. शेतकऱ्याचे ते वर्षभराच्या पोटाचे काम आहे, रस्त्यावरून मौजेसाठी जाणाऱ्या आपणच तेथे जपून जायला हवे. इरली किंवा प्लास्टिक पांघरून वाकलेली माणसे बांधापलीकडे दिसू लागली की पुढच्याने ‘चिखल’ अशी हाक आधीच द्यावी.

साइडपट्टीचा धोका याहून फसवा असतो. डांबराची कड आणि मातीची पट्टी यांत बऱ्याच ठिकाणी चार बोटे उंचीचा फरक असतो, आणि पावसात तो चिखलाने भरून सपाट दिसतो. एकदा खाली उतरलेले पुढचे चाक तिरके परत वर घेण्याचा प्रयत्न केला की ते कडेला घासून माणूस रस्त्याच्या मधल्या बाजूला, म्हणजे वाहनांसमोर पडतो. चाक खाली गेलेच तर खालीच राहावे, वेग कमी करून थांबावे आणि सायकल उचलून वर घ्यावी. याच कारणाने गटाने कडेपासून हात-दीड हात आत चालवावे. काचा, तारा आणि खडे पाणी वाहून कडेलाच आणते, त्यामुळे पंक्चरही तिथेच जास्त होतात.

साचलेल्या पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून वाट असेल तर वळसा घ्यावा. वाहत्या पाण्याबाबत मात्र वाट पाहण्यावाचून पर्याय नाही. ओढ्यावरच्या फरशीवरून किंवा सखल पुलावरून पाणी वाहत असेल तर सायकलवर बसूनही नाही आणि सायकल खांद्यावर घेऊनही नाही. वेगाने वाहणारे पंधरा सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलू शकते. परतीच्या वाटेवर शहरातही हे लक्षात ठेवावे, कारण खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की मुठेवरचा बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि सकाळी मोकळा असलेला रस्ता दुपारी बंद असतो. कोणत्याही पुलावर गटाने फोटोसाठी थांबू नये. १५ जून २०२५ रोजी तळेगाव दाभाड्याजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला, ती घटना आपल्या भागात घडलेली आहे.

घाटाचा उतार

चढावर पाऊस फारसा त्रास देत नाही. गटाची खरी परीक्षा उतारावर होते. माथ्यावर सर्वांनी थांबावे, जॅकेट घालावे, ब्रेक दोन-तीनदा दाबून पाहावेत आणि मग एकेकाने दहा-दहा सेकंदांच्या अंतराने निघावे. उतारावर रांग नसते, प्रत्येक जण एकटा असतो. कोणीही कोणाला ओलांडू नये.

रिम ब्रेकवाल्याने सरळ उतारावरही अधूनमधून ब्रेक हलके टेकवत राहावेत, म्हणजे रिम पुसलेली राहते आणि गरजेच्या वेळी ते चार मीटर वाया जात नाहीत. सगळे ब्रेक वळणाआधी, सायकल सरळ असताना लावावेत. दोन्ही ब्रेक हळूहळू आणि एकत्र दाबावेत, बूड सीटवर थोडे मागे न्यावे, आणि वळणात शिरल्यावर दोन्ही सोडून द्यावेत. वळताना आतल्या बाजूचे पेडल वर, वजन बाहेरच्या पेडलवर, आणि सायकल कोरड्यापेक्षा कमी झुकवायची. झुकवायची गरज वाटली याचाच अर्थ वेग जास्त आहे. नागमोडी वळणांवर खालून येणारी एसटी वळण घेण्यासाठी आपल्या बाजूला येते. ते तिला टाळता येत नाही, म्हणून वळण दिसेपर्यंत डावी बाजू सोडू नये. धुक्यात पुढचा दिवा दिसेनासा झाला की उतरून, सायकल हाताने ढकलत न्यावी. त्यात कमीपणा नाही.

दरडीच्या बाजूला, म्हणजे डोंगरकड्याला लागून, विश्रांतीसाठी थांबू नये. रस्त्यावर ताजे लहान दगड किंवा लाल मातीचा ओघळ दिसला तर वर काहीतरी सुटले आहे असे समजून लगेच तेथून पुढे निघावे किंवा मागे फिरावे.

कोणी पडल्यास किंवा गारठल्यास

कोणी पडले तर सर्वांत आधी स्वीपने मागच्या बाजूला जाऊन दिवा हलवत वाहने सावकाश करावीत. पडलेल्याभोवती रस्त्यावर गर्दी करणे हे दुसऱ्या अपघाताला निमंत्रण असते. डोक्याला मार असेल, मान दुखत असेल किंवा तो तेच तेच विचारत असेल तर त्याला हलवू नये, पुन्हा सायकलवर बसवू नये आणि १०८ ला फोन करावा. खरचटले असेल तर बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने जखम धुऊन झाकावी. धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे, आणि पुढच्या काही दिवसांत ताप आला तर आपण साचलेल्या पाण्यातून गेलो होतो हे त्यांना आवर्जून सांगावे.

गारठणे हळूहळू येते आणि ज्याला होते त्याला कळत नाही. बोलणे अडखळू लागले, थरथर थांबेना, गिअर बदलता येईना, तर त्याची राइड तेथे संपली. टपरीचा आडोसा, कोरडा कपडा, गरम गोड चहा आणि घरून बोलावलेली गाडी, एवढेच तेव्हा करावे. कोणी पंक्चर काढत असेल तर बाकीच्यांनीही उभे राहून गारठू नये. दोघे मदतीला थांबावेत आणि इतरांनी पुढच्या ठरलेल्या जागी आडोशाला जावे.

घरी परतल्यावर

दमलेला माणूस सायकल तशीच भिंतीला टेकवून अंघोळीला जातो, आणि पुढच्या रविवारी चेन तांबूस झालेली असते. आल्या आल्या बादलीभर पाणी आणि फडके घेऊन दहा मिनिटे द्यावीत. जोराच्या फवाऱ्याने हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, आणि दोन पेडलांच्या मधला भाग यांत पाणी शिरते, म्हणून पाइपचे तोंड तेथे रोखू नये. चेन फडक्याने कोरडी करून तेल लावावे, आणि ते करताना डिस्कवर थेंब उडू देऊ नये. सीटची दांडी काढून सायकल उलटी केली तर चौकटीत शिरलेले पाणी निघून जाते. पावसाळ्यात महिन्यातून दोनदा तरी हे करावे. टायरवरून बोटे न फिरवता डोळ्यांनी काचा शोधाव्यात आणि रुतलेल्या काढाव्यात. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते तासाभराने बदलावेत.

लीडरचे काम याच्याही पुढे चालू राहते. प्रत्येकाचा ‘पोहोचलो’ असा निरोप आल्याशिवाय त्याने राइड संपली असे धरू नये, आणि ज्याचा निरोप आला नाही त्याला स्वतः फोन करावा. कोणाचे ब्रेक पॅड संपत आले होते, कोण अंतर राखत नव्हते, कोणाची हाक मागे पोहोचत नव्हती, हे त्याच संध्याकाळी लिहून ठेवावे आणि ज्याचे त्याला एकट्याला सांगावे. पुढच्या रविवारी चांदणी चौकात रांग लावताना तीच नोंद हाती घ्यावी.